रिकाम्या जागेवरचा रुक्का

माझे वडील खामगावच्या तहसील कचेरीत दप्तरखान्याचे काम पाहत असत, आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या जेवणाचा रिकामा डबा आणण्याच्या निमित्ताने मी त्या अर्धवट अंधाऱ्या, जुन्या कागदांच्या वासाने भरलेल्या खोलीत जाऊन बसत असे. लाल खारव्यात बांधलेले बस्ते फडताळांतून गावांच्या अनुक्रमाने रचलेले असत. त्यांपैकी एखादा बस्ता मागण्यासाठी कोणी कारकून आला, की वडील प्रथम हाताएवढ्या कागदावर त्याचे नाव, कामाचा तपशील, तारीख आणि परत करण्याची मुदत लिहीत, त्यावर त्याची सही घेत, तो रुक्का बस्त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी ठेवीत, आणि मगच बस्ता त्याच्या हवाली करीत. ज्या जागी रुक्का आहे तेथील कागदांवर त्या मुदतीत अन्य कोणाचा अधिकार नाही, आणि रुक्का न ठेवता जो बस्ता हलवील त्याचा हेतू कितीही चांगला असला तरी तो दप्तराचा अपराधी होय, असा त्यांचा दंडक होता.

पुढे आयुष्याची सुमारे अठ्ठावीस वर्षे मी ज्या विषयात घालविली त्याचे सारे मर्म त्या हाताएवढ्या कागदात होते, हे मला फार उशिरा, आणि एका मोठ्या चुकीची किंमत मोजल्यानंतर, कळले. अनेक संगणकांनी एकाच डिस्कवर एकाच वेळी लिहावे आणि तरीही कोणाचे लिखाण कोणी पुसू नये, यासाठी जी फाइल-यंत्रणा लागते तिला आमच्या व्यवसायात क्लस्टर फाइल सिस्टीम म्हणतात. आणि आभासी यंत्रांच्या, म्हणजे आम्ही ज्यांना व्हीएम म्हणतो त्यांच्या, साठवणीसाठी ही यंत्रणा वापरणे, सांभाळणे व बिघडल्यास सावरणे हा माझा चरितार्थ होता.

आभासी यंत्र म्हणजे काय हे थोडक्यात सांगावयास हवे. एका सबळ संगणकाच्या पोटात अनेक स्वतंत्र संगणक नांदवावेत ही कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९७२ साली आपल्या प्रचंड यंत्रांसाठी ती व्हीएम/३७० या नावाने बाजारात आणली होती. कचेऱ्यांतील साध्या, इंटेल जातीच्या यंत्रांवर ती यशस्वीपणे उतरविण्याचे श्रेय मुख्यतः १९९८ साली स्थापन झालेल्या व्हीएमवेअर कंपनीकडे जाते. अशा आभासी यंत्राची संपूर्ण डिस्क, तिच्यातील हिशेब, पत्रव्यवहार, ग्राहकांची खाती यांसह, वस्तुतः एक मोठी फाइल असते. ती फाइल ज्या यंत्रात आहे ते यंत्र बंद पडले तर तिच्यातील आभासी यंत्रही त्याच्याबरोबर जाणार. म्हणून ती एका यंत्रात न ठेवता दोन-चार यंत्रांना सारखीच दिसेल अशा सामायिक साठवणीत ठेवावी, म्हणजे एक यंत्र पडताच दुसऱ्याने ती उचलावी, ही पुढची पायरी ओघानेच आली. २००३ साली तर चालू असलेले आभासी यंत्र न थांबविता एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेण्याची व्हीमोशन ही सोय निघाली, आणि तेव्हापासून सामायिक साठवण ही चैनीची वस्तू न राहता गरज झाली.

शेगावच्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन मी १९९७ साली पुण्यास गेलो. साठवणीच्या शास्त्रात त्या काळी पुण्याला एक विशेष स्थान प्राप्त होत होते. व्हेरिटास या प्रख्यात कंपनीचे मोठे विकासकेंद्र तेथे होते, आणि पुढे रेड हॅटनेही आपल्या कामाचा मोठा भाग तेथे आणला. मी ज्या लहानशा कंपनीत लागलो तेथील एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी पहिल्याच आठवड्यात मला जो प्रयोग करावयास लावला तो मी नंतर माझ्या प्रत्येक मदतनिसाला करावयास लावला आहे. दोन सर्व्हरना एकच डिस्क जोडावयाची, तिच्यावर साधी, एकाच धन्याची अपेक्षा करणारी फाइल-यंत्रणा घालावयाची, आणि दोहोंकडून फाइली लिहीत राहावयाचे. तासभर सारे सुरळीत चाललेले दिसते. प्रत्येक सर्व्हर आपापल्या स्मृतीत डिस्कचा एकेक नकाशा बाळगून असतो, कोणती जागा रिकामी आणि कोणती भरलेली हे तो त्या नकाशावरून ठरवितो, आणि दुसऱ्याने दरम्यान काय लिहिले याची त्याला वार्ताही नसते. मग दोघांना बंद करून पुन्हा सुरू करावे, म्हणजे एकाची पत्रे दुसऱ्याच्या चित्रांत मिसळलेली, निर्देशिका तुटलेल्या आणि अर्ध्याअधिक फाइली निरर्थक झालेल्या आढळतात. त्या तासाभरात कोणत्याही यंत्राने एकदाही चूक झाल्याचे सांगितलेले नसते, ही गोष्ट माझ्या मनावर फार खोल उमटली.

या संकटावर मात करण्याचे प्रयत्न माझ्या लहानपणीच सुरू झाले होते. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९८३ साली आपल्या व्हॅक्स यंत्रांचा समूह जाहीर केला, आणि त्यात कोणत्या वस्तूवर कोणाचा, कोणत्या प्रकारचा ताबा आहे याचा हिशेब साऱ्या यंत्रांनी मिळून ठेवण्याची जी कुलूप-व्यवस्था घडली ती पुढील पिढ्यांना आदर्श ठरली. १९९० नंतरच्या दशकात मिनेसोटा विद्यापीठात जीएफएसचा जन्म झाला. ती यंत्रणा सिस्टिना नामक कंपनीने वाढविली, २००३ च्या अखेरीस ती कंपनी रेड हॅटने घेतली, आणि २००६ या एकाच वर्षी ऑरॅकलची ओसीएफएस-२ व जीएफएसची दुसरी आवृत्ती या दोन्हींना लिनक्सच्या मूळ गाभ्यात प्रवेश मिळाला. त्याच वर्षी व्हीएमवेअरच्या व्हीएमएफएस या यंत्रणेची तिसरी आवृत्ती आली. पूर्वीच्या आवृत्त्यांत साऱ्या फाइली एकाच सपाट पातळीवर पडलेल्या असत. तिसरीत निर्देशिका आल्या, आणि अर्धवट राहिलेल्या बदलांची रोजनिशी ठेवण्याची सोय आली.

व्हीएमएफएसच्या रचनेतील मूळ विचार मला आजही फार मोलाचा वाटतो. तिच्या रचनाकारांपैकी सत्यम वाघाणी यांनी २०१० साली तिच्यावर एक निबंध लिहिला, तो वाचताना तो विचार मला प्रथमच स्पष्ट झाला. सर्वसाधारण क्लस्टर फाइल सिस्टीमला लक्षावधी लहान फाइली आणि कोणी केव्हाही कशावरही लिहील ही शक्यता गृहीत धरावी लागते. आभासी यंत्रांचे तसे नसते. तेथे फाइली थोड्या, पण प्रत्येक अवाढव्य, आणि महत्त्वाचे म्हणजे एका वेळी तिच्यावर लिहिणारा सर्व्हर एकच. म्हणून फाइल उघडताना, ती वाढताना, तिचे नाव बदलताना तेवढे कुलूप घ्यावे, आणि एकदा फाइल हाती आल्यावर आतील दैनंदिन लिखाणाला कोणाची परवानगी मागण्याचे कारण ठेवू नये. बस्ता नेताना एकदा रुक्का लिहिला की पानापानाला दप्तरखान्यात येण्याचे प्रयोजन उरत नाही, तसेच हे.

२००५ च्या अखेरीस आईच्या आजारपणामुळे मी खामगावला परतलो आणि येथेच स्वतंत्रपणे काम करू लागलो. आमचे गाव कापसाचे. १८७० साली जलंबहून जो लहानसा रेल्वेफाटा येथवर आणला गेला तो या कापसासाठी, आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कारखान्यांनी व चांदीच्या पेढ्यांनी गावाला नाव मिळवून दिले. अशा गावात पतसंस्था, रुग्णालये, महाविद्यालये, कारखाने यांच्या हिशेबाची यंत्रे एकेक करून वाढत होती, आणि दहा जुनाट सर्व्हर चालविण्यापेक्षा दोन चांगले घेऊन त्यांत दहा आभासी यंत्रे चालवावीत हे म्हणणे संस्थाचालकांना पटत होते. विजेचे भारनियमन मात्र त्या वर्षांत इतके कडक होते, आणि वैशाखात उष्मा इतका असह्य होई, की पुण्याच्या वातानुकूलित दालनात जे गृहीत धरले होते त्यातील निम्मे येथे प्रथमपासून शिकावे लागले.

पहिला धडा अपरिवर्तनीय निर्णयाचा होता. व्हीएमएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत साठवण घडवितानाच तिच्या खंडाचा आकार ठरवावा लागे, एक मेगाबाइटपासून आठ मेगाबाइटपर्यंत. एकाचा खंड निवडला तर कोणतीही फाइल २५६ गिगाबाइटपेक्षा मोठी होऊ शकत नसे; आठचा निवडला तर मर्यादा दोन टेराबाइटच्या किंचित अलीकडे जाई; आणि एकदा ठरविलेला आकार साठवण पुसल्यावाचून बदलता येत नसे. २००७ साली एका रुग्णालयासाठी मी एक मेगाबाइट निवडला, कारण त्यांचा सारा पसारा शंभर गिगाबाइटांत मावत होता आणि भविष्याचा विचार करण्याइतकी फुरसत मी स्वतःला दिली नाही. दोन वर्षांत क्ष-किरण प्रतिमा संगणकात साठविण्यास आरंभ झाला, फाइल मर्यादेला भिडली, आणि एका रविवारी सकाळपासून सोमवारच्या पहाटेपर्यंत एकेक आभासी यंत्र उसन्या साठवणीवर नेऊन, मूळ साठवण पुन्हा घडवून, सारे परत आणावे लागले. २०११ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीने सर्वत्र एकच एक मेगाबाइटचा खंड ठेवून ही निवडच नाहीशी केली, आणि २०१३ नंतर एका फाइलची मर्यादा ६२ टेराबाइटपर्यंत गेली. परंतु जो निर्णय परत फिरविता येत नाही त्याला, तो कितीही क्षुल्लक दिसला तरी, एक दिवस अधिक द्यावा हा नियम मी त्या रविवारी स्वतःसाठी घालून घेतला, आणि तो आजपर्यंत पाळला आहे.

दुसरा धडा कुलपाच्या आकाराचा. त्या काळी एखाद्या सर्व्हरला नकाशात बदल करावयाचा झाला, मग तो एका फाइलची वाढ नोंदविण्याएवढा लहान का असेना, तर त्याला क्षणभर संपूर्ण डिस्कच आरक्षित करावी लागे, आणि तेवढा वेळ बाकीचे सर्व सर्व्हर दाराबाहेर तिष्ठत राहत. एरवी हे लक्षातही येत नसे. पण एका संस्थेत भारनियमन संपून सकाळी वीज आली, की तिन्ही सर्व्हर आपापली सारी आभासी यंत्रे एकाच वेळी उठवीत, प्रत्येकाला कुलूप हवे असे, आणि कचेरी उघडून अर्धा तास झाला तरी लोकांना पासबुकावर नोंद करून मिळत नसे. रात्रीच्या बॅकअपचेही तेच. सर्व यंत्रांचे स्नॅपशॉट एकदम निघू लागले की साठवण गुदमरून जाई. मी आभासी यंत्रांच्या उठण्याचा क्रम आणि बॅकअपच्या वेळा यांचे एक वेळापत्रक आखून दिले, आणि त्या कागदाने जे काम झाले ते महागडी सामग्री घेऊनही झाले नसते. २०१० साली साठवणीच्या उपकरणांनीच या कामात साह्य करण्याची पद्धत रूढ होऊ लागली. संपूर्ण डिस्क अडविण्याऐवजी ज्या एका नोंदीचा प्रश्न आहे तेवढीच तपासावी, ती अपेक्षेप्रमाणे मोकळी असेल तर त्याच अविभाज्य क्षणी आपल्या नावावर करावी, आणि नसेल तर मुकाट्याने परत फिरावे, अशी ती रीत होती.

हा फरक मी संस्थाचालकांना समजावून देई तो कापसाच्या बाजाराच्या दृष्टांताने. एका गाडीचे माप होईपर्यंत आवाराचा दरवाजाच लावून घ्यावा, आणि ज्या काट्यावर माप चालले आहे तेवढ्याच काट्यावर दुसऱ्याने येऊ नये, यांत जो भेद आहे तोच या दोन पद्धतींत आहे. वऱ्हाडाला हे निराळे शिकवावे लागत नाही. देशातील पहिला नियंत्रित कापूसबाजार १८८६ साली आमच्याच प्रांतात, कारंज्यास, भरला, आणि कापूस व धान्याच्या बाजारांसाठी वऱ्हाडचा स्वतंत्र कायदा १८९७ साली झाला. सामायिक आवारात शेतकरी, अडत्या, मापारी, व्यापारी असे परस्परांवर पूर्ण विश्वास नसलेले लोक रोज एकत्र यावयाचे असतील, तर प्रत्येकाच्या हक्काची मर्यादा आणि मुदत आधीच लिहिलेली असावी लागते, हे येथील लोकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

आता ज्या घटनेचा उल्लेख आरंभी केला तिच्याकडे वळतो. कुलूप लहान करता येते, पण कुलूप धरणाराच बेपत्ता झाला तर काय करावे हा या शास्त्रातील सर्वांत कठीण प्रश्न आहे. त्यासाठी प्रत्येक सर्व्हर दर दोन-तीन सेकंदांनी सामायिक डिस्कवर किंवा परस्परांना आपण जिवंत असल्याची खूण देत असतो. तिला हार्टबीट, म्हणजे नाडी, म्हणतात. नाडी थांबली तर उरलेल्यांनी त्याची कुलपे मोडून, त्याच्या रोजनिशीतील अर्धवट बदल पुरे करून, त्याची आभासी यंत्रे आपल्याकडे घ्यावयाची असतात. मात्र तत्पूर्वी तो सर्व्हर खरोखरच निर्जीव झाला आहे याची खात्री करावी लागते. सामान्यतः त्याचा वीजपुरवठाच तोडला जातो. याला फेन्सिंग म्हणतात. कारण नाडी लागत नाही याचा अर्थ तो मेला असाच असेल असे नाही. केवळ त्याचा निरोप पोहोचत नसेल, आणि तो आत बसून आपले काम इमानेइतबारे करीत असेल.

एका पतसंस्थेत दोन सर्व्हरांचा असा समूह मी उभा केला होता. विजेच्या लपंडावामुळे स्वयंचलित फेन्सिंग दोनदा अकारण सुरू होऊन चालते सर्व्हर बंद पडले, तेव्हा मी ते काढून टाकले आणि त्या जागी माणसाने खात्री करून मान्यता देण्याची पद्धत ठेवली. २०१० च्या मे महिन्यात मी एका लग्नासाठी शेगावला गेलो असताना दुपारी फोन आला की व्यवहार ठप्प झाला आहे. मी तेथूनच संगणकावर पाहिले. पहिला सर्व्हर कोणत्याच मार्गाने उत्तर देत नव्हता, आणि दुसरा त्याची कुलपे घेण्यासाठी माझ्या मान्यतेची वाट पाहत थांबला होता. आज्ञा देताच त्याने विचारले, पहिला सर्व्हर बंद केल्याची तुम्ही खात्री केली आहे काय, नसल्यास सामायिक साठवण नष्ट होऊ शकते. मी होकार लिहिला. पतसंस्थेत फोन करून एखाद्या शिपायाला यंत्रांच्या खोलीत पाठवावे आणि दिवे लागलेले आहेत की नाहीत ते विचारावे, एवढेच करावयाचे होते. ते मी केले नाही.

पहिला सर्व्हर जिवंत होता. त्याच्या दोन्ही तारा शेजारच्या खोलीतील ज्या एका स्विचमध्ये जात होत्या त्याला बॅटरीचा आधार नव्हता, आणि भारनियमन सुरू होताच तो स्विच तेवढा बंद पडला होता. साठवणीकडे जाणारी त्याची वाट निराळी व शाबूत होती. त्याच्या पोटातील आभासी यंत्र व्याजाची आकारणी करीत होते आणि आपल्या डिस्क-फाइलीवर बिनदिक्कत लिहीत होते. माझ्या होकारानंतर दुसऱ्या सर्व्हरनेही तेच आभासी यंत्र त्याच फाइलीवरून सुरू केले. पाऊण तास दोघे मिळून एकाच वहीत लिहीत राहिले. पुण्यातला तो पहिल्या आठवड्यातला प्रयोग खऱ्या लोकांच्या खऱ्या पैशांच्या हिशेबावर मी स्वतःच्या हाताने केला होता, आणि तेव्हासारखेच या वेळीही कोणत्याच यंत्राने तक्रार केली नाही.

संध्याकाळी बेरजा जुळेनात तेव्हा सारे उघड झाले. आदल्या रात्रीचा बॅकअप सुस्थितीत होता म्हणून ठेवीदारांचे काही गेले नाही; पण त्या दिवसाची प्रत्येक पावती कागदावरून पुन्हा चढवावी लागली, आणि संस्थेचे सहा कर्मचारी दोन रात्री जागून, मला एका शब्दानेही न दुखावता, ते काम करीत राहिले. मी व्यवस्थापकांना झाले ते जसेच्या तसे सांगितले, आणि विजेवर किंवा यंत्रावर दोष ढकलण्याची जी वाट मोकळी होती ती घेतली नाही, एवढेच त्या प्रसंगातील माझे समाधान आहे.

दोन दिवसांनी घरी वडिलांना मी हे सांगितले. त्यांना तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली होती आणि संगणकाविषयी त्यांना काही ठाऊक नव्हते. परंतु रुक्क्याच्या भाषेत सांगताच त्यांना सारे समजले, आणि त्यांनी मला पूर्वी कधी न सांगितलेली एक हकीकत सांगितली. एका कारकुनाने नेलेल्या बस्त्याचा रुक्का मुदत उलटून आठ महिने फडताळात पडून होता. कारकून आजारपणाच्या रजेवर गेलेला, पत्रांना उत्तर नाही. वरून तगादा आला, आणि कचेरीतील सर्वांचे मत पडले की तो बस्ता गहाळ झाल्याचा शेरा मारून, रुक्का रद्द करून, नकलांवरून नवे दप्तर बांधावे. वडिलांनी तसे केले नाही. एका रविवारी ते एसटीने नांदुऱ्याकडील त्याच्या खेड्यात गेले. कारकून अंथरुणाला खिळलेला होता, पण बस्ता त्याच्या उशाशी ट्रंकेत सुरक्षित होता, आणि प्रकृती बरी असेल त्या दिवशी तो त्यातील फेरफाराच्या नोंदी थोड्या थोड्या लिहीत असे. वडिलांनी बस्ता, त्या अर्धवट नोंदी आणि कारकुनाची सही असे सारे घेऊन परत आणले, नोंदी स्वतः पुऱ्या केल्या, आणि मगच रुक्का फाडला. “तो बोलत नाही म्हून मेला असं कसं समजाचं, बापू? घरी जाऊन पाहा लागते,” एवढेच ते शेवटी म्हणाले.

मी ज्या शास्त्रावर पुण्यात आठ वर्षे आणि गावात पाच वर्षे घालविली होती त्याचा अर्क त्या एका रविवारच्या प्रवासात होता. धारकाकडे जाऊन पाहणे, त्याच्या हातून वस्तू प्रत्यक्ष काढून घेणे, त्याचे अपुरे राहिलेले काम पुरे करणे, आणि त्यानंतरच त्याचे नाव खोडणे, या क्रमातील एकही पायरी गाळता येत नाही. मी नेमकी पहिलीच गाळली होती.

त्यानंतर मी तेथील रचना बदलली. सर्व्हरचा वीजपुरवठा दुरून तोडता येईल असे उपकरण बसविले, आणि तोडल्याचा पुरावा मिळाल्यावाचून कुलूप मोडावयाचे नाही हे पक्के केले. दोघांच्या समूहात जी मूलभूत उणीव असते तीही दूर केली. दोघेच असले आणि मध्ये संपर्क तुटला की प्रत्येकाला दुसराच गेला असे वाटते, आणि निवाडा करावयास कोणी उरत नाही. याला आमच्यात स्प्लिट ब्रेन म्हणतात. म्हणून तिसरे मत लागते, मग ते सामायिक डिस्कवरील एका लहानशा कोपऱ्याचे का असेना. ज्याच्या बाजूला बहुमत त्याने पुढे जावे, आणि जो एकटा पडला त्याने आपणहून थांबावे. ओसीएफएस-२ मध्ये तर एकटा पडलेला किंवा साठवणीवर आपली नाडी साठ सेकंद लिहू न शकलेला सर्व्हर स्वतःलाच बंद करून पुन्हा सुरू होतो. आपल्या मनाने आपण बरोबर आहोत, पण बाकीच्यांना आपण दिसत नाही, अशा वेळी लेखणी खाली ठेवावी, हा नियम मला यंत्रांइतकाच माणसांनाही लागू वाटत आला आहे.

रिकाम्या जागेविषयी आणखी एक गोष्ट मी एका वर्षअखेरीस शिकलो. आभासी यंत्राला पाचशे गिगाबाइटची डिस्क देऊ करावयाची, पण प्रत्यक्षात ते लिहील तेवढीच जागा द्यावयाची, अशी एक काटकसरीची रीत आहे. तिच्या भरवशावर एका कारखान्यात मी जणू गोदामात असलेल्या गाठींपेक्षा अधिक गाठींच्या पावत्या फाडून बसलो होतो, आणि ३१ मार्चला साऱ्या पावत्या एकदम वटविण्यास आल्या. साठवण भरली आणि आभासी यंत्रे जागच्या जागी थबकली. शोधाअंती दिसले की त्यांतील पुष्कळ जागा जुन्या, केव्हाच पुसलेल्या फाइलींची होती. आतल्या यंत्राने त्या पुसल्या होत्या, पण ती जागा मोकळी झाली हे खालच्या साठवणीला कोणी कळविलेच नव्हते. २०१६ साली आलेल्या व्हीएमएफएसच्या सहाव्या आवृत्तीत ही वर्दी आपोआप खाली जाऊ लागली. घेताना लिहिलेली नोंद जितकी आवश्यक, तितकीच परत केल्याचीही, ही गोष्ट दप्तरखान्यात वाढलेल्या मुलाने तरी विसरावयास नको होती.

२०१४ नंतर या क्षेत्राचे रूप फार पालटले. सामायिक साठवणीची महागडी पेटीच नको, प्रत्येक सर्व्हरच्या पोटातील डिस्का एकत्र करून त्यांचीच एक सामायिक साठवण करावी, या विचाराने व्हीएमवेअरची व्हीसॅन त्या वर्षी आली. आणि सेज वाइल यांनी कॅलिफोर्नियातील सांताक्रूझच्या विद्यापीठात आरंभिलेली, २००६ साली निबंधरूपाने मांडलेली सेफ ही मुक्त यंत्रणा लहान संस्थांच्याही आवाक्यात आली. तीत प्रत्येक तुकड्याच्या सामान्यतः तीन प्रती निरनिराळ्या सर्व्हरांवर असतात, कोण जिवंत आणि कोण नाही याचा निर्णय देखरेख करणाऱ्यांच्या बहुमताने होतो, आणि आभासी यंत्राची डिस्क नव्या धारकाकडे जाण्यापूर्वी जुन्या धारकाचे नाव बहिष्कृतांच्या यादीत घातले जाते, म्हणजे तो पुढे जागा झाला तरी त्याचे लिखाण कोणतीही डिस्क स्वीकारीत नाही. मी ज्या ठिकाणी ठेच खाल्ली नेमके तेथेच आता यंत्रणेने स्वतःच दार बंद केले आहे, हे पाहताना मला फार समाधान वाटते. माझ्यासारखी चूक जगात अनेकांनी केली असेल, आणि त्या चुका कोणी तरी नीट लिहून ठेवल्या म्हणूनच हे घडले असणार.

वडील आता नाहीत. मी सांभाळतो त्या प्रत्येक यंत्रखोलीत दाराशी एक जाड पुठ्ठ्याची वही टांगलेली असते, आणि तिच्यात एक रकाना असा असतो की, सर्व्हर बंद असल्याचे प्रत्यक्ष कोणी पाहिले, त्याचे नाव व वेळ. यंत्रणा इतकी शहाणी झाल्यावर या रकान्याची काय आवश्यकता, असे तरुण मदतनीस प्रारंभी विचारतात, आणि मी त्यांना मे महिन्यातील ती दुपार सांगतो.

गेल्या पावसाळ्यात रात्री अकराच्या सुमारास त्यांतील एकाचा फोन आला. एका रुग्णालयातील तीनपैकी एक सर्व्हर गप्प झाला होता. यंत्रणेने त्याला बाजूला काढल्याचा, वीज तोडल्याचा आणि आभासी यंत्रे दुसरीकडे सुरू केल्याचा निर्वाळा पडद्यावर दिला होता, आणि तो मला केवळ कळवीत होता. मी काही बोलण्यापूर्वीच तो म्हणाला, “थांबा सर, मी आत जाऊन पाहून येतो,” आणि फोन तसाच हातात ठेवून तो चालू लागला. जिन्यावरची त्याची पावले, कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज, मग पंख्यांची घरघर, असे एकेक मी ऐकत होतो. थोड्या वेळाने वहीचे पान उलटल्याचे ऐकू आले, आणि पेन कोठे आहे असे तो कोणाला तरी विचारीत होता.